काचेपलीकडची आगोट

कोकमाचे रातांबे पिकल्याची खबर आम्हाला माकडं देतात. परवा सकाळी परसात फांदी मोडल्याचा आवाज आला. मी पत्र्याचा डबा बडवत धावले. टोळी उड्या मारत पावस गावाच्या बाजूला निघून गेली आणि मी खाली पडलेले लालभडक रातांबे ओच्यात गोळा केले. ओचा सांभाळत घराला वळसा घालून पुढच्या बाजूला आले, पसरायला. पुढे खळं, आमचं सारवलेलं अंगण, नव्हतं. वर्ष झालं त्याला. तरी वैशाखात माझे पाय मला न विचारता तिकडेच जातात. खळ्याच्या जागी काचेची खोली आहे आणि तिच्यात वेताच्या खुर्चीवर माझा नवरा बसलेला असतो. यांनी आतून हात हलवला. मीही हलवला, आणि निम्मे रातांबे सांडले.

ते आतून काहीतरी बोललेसुद्धा. ओठ हलताना दिसले. ऐकू काही आलं नाही. ती खोली बांधलीच आहे तशी.

आगोट, म्हणजे पावसाळ्याची बेगमी, जवळ आली की आमच्याकडच्या बायकांच्या अंगात येतं. पुढे चार महिने ऊन दिसायचं नाही, म्हणून मे महिन्यात जे हाताला लागेल ते आम्ही वाळवत सुटतो. आमसुलं, आंब्याची नि फणसाची साठं, पोह्याचे पापड, मिरच्या, कुळीथ, सोडे, सुकट. सरपणाच्या मोळ्या पडवीत रचायच्या, चुलीमागे मिठाचं मडकं भरायचं. फ्रिज आले, दुकानं आली, पावसाळ्यातही सगळं मिळतं. मिळू दे. ज्या वर्षी माझी आगोट झाली नाही त्या वर्षी मला घर रिकामं वाटेल, मग फडताळं कितीही भरलेली असोत. मी शाळेत शिकवते, शहाणी म्हणवते, पण या एका बाबतीत माझ्याशी वाद घालण्यात अर्थ नाही.

आणि आगोटीला खळं लागतं. आमचं फार मोठं नव्हतं. दिवाळी झाली की पावसाने खाल्लेली जमीन उकरायची, पाणी मारून चिखल करायचा, लाकडी चोपण्याने बडवून बडवून सपाट करायचा, मग शेणाने सारवायचं. बावीस वर्षं हे मी केलं, शाळा सांभाळून. पाठीत धरलेली कळ मार्गशीर्षापर्यंत जायची नाही. अर्ध्या खळ्यावर पोफळीच्या खांबांचा मांडव, वर नारळाची झापं. उरलेलं अर्धं उघडं, ते वाळवणाचं. झापांच्या फटींतून उन्हाचे ठिपके खाली पडत आणि दुपारभर हळूहळू सरकत दगडी गडग्याला जाऊन लागत. त्या ठिपक्यांवरून मला शाळेची वेळ कळायची.

खळ्याला दार नव्हतं. ही गोष्ट तेव्हा कधी ध्यानातच आली नाही. मासेवाली टोपली उतरवायची ती सरळ मांडवात. एसटी चुकली की माणसं पुढची येईपर्यंत तिथेच बसत, पाणी मागत, आपल्या सुनांच्या तक्रारी सांगत. शेजारची हसीना गडगा ओलांडून यायची आणि मी घरात नसले तरी माझ्या आमसुलांना पुट देऊन जायची. सालं रसात बुडवून पुन्हा उन्हात टाकायची, असं सहा-सात वेळा करावं लागतं. तिची पुटं माझ्यापेक्षा चांगली बसतात, हे मी तिला अजून कबूल केलेलं नाही.

हे बावीस वर्षं आखातात होते. मस्कतपासून बरंच आत, वाळवंटात, तेलाच्या छावणीत एसी दुरुस्त करायचे. उन्हाळ्यात एसीवाल्याला सुट्टी कोण देणार? त्यामुळे यांची रजा कायम पौषात नाही तर माघात. थंडीतलं रत्नागिरी यांना ठाऊक, हवा कोरडी, आंब्याला मोहोर, समुद्र शहाण्या मुलासारखा. बावीस वर्षांत यांनी इथला एक वैशाख पाहिला नाही की एक आषाढ. आमची मुलगी मीनल ऐन पावसात जन्मली, तिचे सगळे वाढदिवस यांनी फोनवर साजरे केले.

आषाढात यांचा फोन आला की खुशाली विचारून झाल्यावर एक वाक्य ठरलेलं असायचं. "जरा पाऊस ऐकव." सुरुवातीला घरात वायरचा फोन होता. तो खिडकीपर्यंतच पोचायचा. मी खिडकी उघडून रिसीव्हर गजांतून बाहेर काढायची आणि माझी बाही भिजायची. मोबाइल आल्यावर पडवीच्या कडेला उभी राहून पागोळ्यांजवळ हात लांब करायची. किती वेळ ते ठरलेलं नव्हतं. हाताला रग लागली की फोन परत कानाला.

"ऐकलात?"

"हं."

मग थोडा वेळ दोघंही गप्प. आणि मग हे म्हणायचे, "कायमचा आलो ना, की खळ्यात खुर्ची टाकून पाऊस बघत बसणार मी." पावसात खळ्यात कोणी बसत नाही. मांडव तेव्हा काढलेला असतो आणि चिखलात पाय घसरतो. बसायचं ते पडवीत. मी शाळेत मुलांच्या चुका लाल शाईने काढते, पण यांची ही चूक मी कधी काढली नाही.

गेल्या वर्षी चैत्रात हे कायमचे आले. पहिले पंधरा दिवस लग्नघरासारखे गेले. कलमांवरचे आंबे उतरवले, आढी लावली, गावात सगळ्यांकडे जाऊन आले. मग उकाडा सुरू झाला. तिकडे वाळवंटात छपरांवर चढून काम केलेला माणूस, पण इथल्या दमट हवेपुढे यांनी हात टेकले. तिकडचं ऊन भाजतं, इथलं शिजवतं, असं म्हणत. मानेवर, पाठीवर घामोळं उठलं. जेवताना ताटात घाम पडायचा म्हणून अर्ध्यातून उठायचे. वाऱ्यासाठी खळ्यात खाट टाकून दिली तर तासाभरात पुन्हा आत आले. आमचं घर कौलारू. त्यात एसी लावणं म्हणजे चाळणीत पाणी भरणं, हे त्यांनीच सांगितलं. त्यांच्याइतकं ते कोणाला कळणार?

एका दुपारी मी शाळेतून आले तर हे मोरीत, ओल्या लादीवर, आडवे पडलेले. माझ्या हातातली पिशवी गळून पडली. मला वाटलं, पडलेच. हाक मारली तर डोळे न उघडता म्हणाले, "पडलो नाहीय. गार वाटतं म्हणून निजलोय."

मी तिथेच मोरीच्या कट्ट्यावर बसले.

"सुमन," हे म्हणाले, "मला इथे जमेलसं नाही वाटत. थॉमसने फोन केलान होता. अजून दोन वर्षं ये म्हणतो."

थॉमस म्हणजे यांचा तिकडचा फोरमन. माणूस चांगला. मीनलच्या लग्नाला त्याने खजुराचा एवढा मोठा खोका धाडला होता. त्या क्षणी मात्र मला त्याचा असा राग आला की तो समोर असता तर मी त्याला बाकावर उभं केलं असतं. बावीस वर्षं मी एकटीने निभावलं त्याचं लोकांना कौतुक. मला त्या कौतुकाचा कंटाळा आला होता. मला संध्याकाळी दिवा लावताना घरात दुसऱ्या माणसाचं खोकणं ऐकू यायला हवं होतं. एवढंच.

"खोली बांधा," मी म्हटलं. "बंद, पक्की, तुम्हाला हवी तशी गार. खळ्यात बांधा."

यांनी डोळे उघडले. "खळं तर तुला लागतं."

मला तुम्ही लागता, असं म्हणायला हवं होतं. आमच्या पिढीला ती वाक्यं येत नाहीत. मी म्हटलं, "खळ्याचं बघू काहीतरी."

म्हणजे दोष द्यायचाच तर तो मलाही द्यावा लागतो.

त्या संध्याकाळी यांनी माझ्या चौकोनी वहीच्या पानावर खोली काढली. तिन्ही बाजूंनी काच, जमिनीपासून छपरापर्यंत, म्हणजे आंबे दिसतील, गडगा दिसेल, आणि पुढे पाऊस दिसेल. छपराला जाड पॅनेल, ऊन आत येऊ नये म्हणून. दार एकच, पडवीतून. हातखंब्याचा काचवाला माप घ्यायला आला तेव्हा पान उलटंसुलटं करून बघत राहिला.

"साहेब, दोन तावदानं सरकती ठेवू की. आपल्याकडे वाऱ्याला वाट लागते."

"फट राहिली की गारवा गेला," हे म्हणाले. "सगळं फिक्स. पंचवीस खोल्या केल्यात मी अशा. एकीला फट दाखव."

"तिकडं ठीक हाय हो. पण हितं…"

"फिक्स," हे म्हणाले. काचवाल्याने माझ्याकडे पाहिलं. मी मांडवाकडे पाहिलं.

लादी घालायच्या आदल्या दिवशी पहाटे उठून मी खळं सारवलं. कशासाठी, ते मला सांगता येणार नाही. कामाला आलेली माणसं हसली. मीही हसले. दहा वाजता त्यांनी त्याच्यावर वाळू ओतली.

पण खरं तेही सांगायला हवं. त्या तीन आठवड्यांत मी यांना काम करताना पहिल्यांदा पाहिलं. लग्नाला चोवीस वर्षं झाली, आणि हा माणूस दिवसभर नेमकं काय करतो हे मी पाहिलंच नव्हतं. तांब्याची नळी वाकवताना ती जराही चेपू न देता कशी वळवायची, सांध्यावर कान लावून गळती कशी ओळखायची, पाण्याच्या नळीला किती उतार द्यायचा. घामाने निथळत होते, पण तेवढा वेळ त्यांना उकाडा जाणवत नव्हता. मी चहा घेऊन गेले की न बघता हात पुढे करायचे. मला अभिमान वाटला. इतकी वर्षं हे कसब वाळवंटात वाया गेलं असंही वाटलं.

खोली झाली. यांनी रिमोट हातात धरून मला मध्ये उभं केलं आणि अठरावर लावला. माझ्या अंगावर काटा आला, बाहेर वैशाख असताना. यांचा चेहरा बघता बघता सैल झाला. खुर्चीत बसले, पाय लांब केले, आणि महिन्यात पहिल्यांदा गाढ झोपले. मीनलला फोटो पाठवला तर पुण्याहून तिचा लगेच फोन. "आई, सनरूम! मस्त! आता बाबा कुठे जात नाहीत." सूर्याला बाहेर ठेवायला एवढा खटाटोप, आणि नाव सनरूम. पण तिच्या शेवटच्या वाक्यावर मी देवापुढे साखर ठेवली.

राहिले बघा. थॉमसला नाही म्हणून कळवलं. माझं म्हणणं खरं झालं.

आगोट मात्र हसीनाच्या खळ्यात गेली. "माज्या खळ्यात आण गो बाई," ती गडग्यापलीकडून ओरडली, "खळं काय दोघींना पुरत नाय?" पुरलं. तिथून आमची काचेची खोली समोर दिसायची आणि खोलीत हे. मी रातांबे फोडत बसले की हे हात हलवायचे. मग माझा फोन वाजायचा. वीस पावलांवरून.

"पाणी पी. ऊन वाढलंय."

"पिते."

"डोक्यावर पदर घे."

"घेतलाय. दिसत नाही का?"

"दिसतोय. म्हणून तर… बरं, ठेवतो."

बावीस वर्षांत फोनवर आमचं असंच चालायचं. जेवलीस का, दार लावलंस का, बरं, ठेवतो. हसीना सालं पालथी करत ऐकत होती. ती तोंडाला येईल ते बोलते, त्यात वाईट काही नसतं. म्हणाली, "तुजा नवरा आलाय म्हणतात सगळी. मला तर तो अजून तिकडंच बसलेला दिसतो."

मी तिला काहीतरी उलट बोलले. काय ते आठवत नाही. तिचं वाक्य तेवढं आठवतं.

त्याच दिवसांत एका दुपारी लाइट गेली. यंत्र बंद पडलं आणि काचेची खोली थोड्याच वेळात भट्टी झाली. हे चिडून पडवीत येऊन बसले आणि वायरमनच्या नावाने बोटं मोडू लागले. मी त्यांना चाखायला दिलेली चार ओली आमसुलं बशीत आतच राहिली होती. संध्याकाळी पाहिलं तर ती कडकडीत वाळलेली. हसीनाच्या खळ्यातली अजून चिकट होती. मी बशी उचलली, एक तोंडात टाकलं, आणि विसरून गेले.

मेच्या शेवटाला सकाळी सकाळी काचा बाहेरून ओल्या दिसू लागल्या. दव असेल म्हणून मी पुसल्या. दुसऱ्या दिवशी पुन्हा. चौथीच्या वर्गात मी दरवर्षी एक प्रयोग करून दाखवते. पेल्यात गार पाणी आणि बर्फ घालायचा, पेला बाहेरून ओला होतो, मुलं म्हणतात बाई पेला गळतो, मग मी समजावते की हवेतली वाफ गार काचेवर जमते. दरवर्षी. आणि माझ्या दारात दहा फूट उंच गार पेला उभा राहत होता तेव्हा मला सुचलं नाही. यांनाही नाही. वाळवंटात हवेत वाफच नव्हती, तिथे काच कधी घामेजली नव्हती. पंचवीस खोल्या बांधलेला माणूस, पण कोरड्या मुलखातला.

आषाढात तर काही विचारू नका. बाहेर धो धो कोसळतंय आणि काच दुधासारखी पांढरी. आंबे दिसत नाहीत, गडगा दिसत नाही, पाऊस दिसत नाही. यांनी तावदानांना कसलं कसलं द्रव लावलं, काचांवर चिकटवायचा कागद आणला, यंत्र चोविसावर, सव्विसावर नेऊन पाहिलं. सव्विसावर काच निवळायची आणि आत जीव कोंदायचा. खिडकी उघडावी तर खिडकी नाही. मी उघडी छत्री मानेशी दाबून बाहेरून काचा पुसायची, जमीन पुसायच्या वायपरने. पुसलेल्या पट्ट्यातून यांचा चेहरा दिसायचा, हसून मान हलवायचे, आणि पट्टा पुन्हा पांढरा व्हायचा. दोन दिवसांनी त्यांनीच आतून खूण केली, राहू दे.

मग एक दुपार. शाळा लवकर सुटली होती. मी पडवीत वह्या तपासत होते. पत्र्याच्या पन्हळीतून पाण्याची धार पडत होती, बेडूक ओरडत होते, इतका आवाज की स्वतःशी बोललेलंही ऐकू येऊ नये. मांडीवरचा फोन थरथरला. यांचा. माझ्या पाठीमागे पाच हातांवर ती पांढरी काच.

"काय हो? चहा हवाय?"

"नको." मग अगदी हळू, "सुमन, जरा पाऊस ऐकव ना."

मी उठले. दार सरकवून आत जायला हवं होतं, हाताला धरून बाहेर आणायला हवं होतं, हे मला आता कळतं. तेव्हा हाताने सवयीने केलं तेच केलं. पडवीच्या कडेला जाऊन फोन पागोळ्यांजवळ धरला. हाताला रग लागेपर्यंत धरला. परत कानाला लावताना मला रडू फुटलं, ते त्यांना कळू नये म्हणून मी लगेच म्हटलं, "ऐकलात?"

"हं," हे म्हणाले.

त्यावर आम्ही पुढे कधी बोललो नाही. गणपती झाले, दिवाळी झाली. खळं चोपायचं नव्हतं म्हणून माझी पाठ दुखली नाही, आणि ती दुखत नाही याचंच मला वाईट वाटत राहिलं. थंडीत हे छान असायचे. बाजारात जायचे, कलमांना आळी करायचे. मग ऊन तापलं आणि पुन्हा आत गेले. दारावर टकटक करून चपला काढून आत यायचं म्हणून लोकांनी यायचं कमी केलं. मासेवाली आता रस्त्यावरूनच हाक मारते.

गेल्या आठवड्यात जेवताना म्हणाले, "थॉमस पुन्हा विचारतोय." मी आमटी वाढली. "पुढच्या आठवड्यात कळवायचंय त्याला," असंही म्हणाले. मी नको म्हटलं नाही. गेल्या वर्षी नको म्हणून मी काय मिळवलं होतं? माणूस घरात ठेवला आणि काचेत ठेवला. तिकडे निदान त्याला करायला काम होतं आणि कान लावायला नळ्या होत्या. हे सगळं मला पटत होतं, आणि तरीही हे जातील या नुसत्या विचाराने मी त्यांच्या भरलेल्या वाटीत पुन्हा आमटी ओतली.

म्हणून परवा सांडलेले रातांबे वेचताना ती बशी आठवली तेव्हा मी थांबलेच. कडकडीत वाळलेली चार आमसुलं. मी घरात जाऊन दोन मोठ्या टोपल्या घेतल्या, झाडावरचे पिकलेले सगळे रातांबे काठीने झोडून उतरवले आणि एक टोपली कमरेवर घेऊन काचेचं दार सरकवलं. गारठा अंगावर आला.

"खोली हवीय मला," मी म्हटलं.

"कशाला?"

"आगोटीला. एसी बंद केलात की ही खोली भट्टी होते. दोन दिवसांत आमसुलं होतील."

यांनी टोपलीकडे पाहिलं, मग छपराकडे, मग काचांकडे. डोक्यात हिशोब चालू झाला ते मला दिसलं, आतली वाफ कुठून काढायची वगैरे. "दार उघडं ठेवावं लागेल," म्हणाले. मग म्हणाले, "किती दिवस?"

"ऊन आहे तोवर."

"आणि मी कुठे जाऊ?"

"पडवीत," मी म्हटलं. आणि या वेळी थांबले नाही. "माझ्याजवळ."

यांनी रिमोट उचलला, बराच वेळ हातात धरला, आणि दाबला. ऊन तापल्यापासून घुमणारं यंत्र थांबलं.

आम्ही पडवीत बसून रातांबे फोडले. हे बनियनवर, मानेवर ओलं फडकं. नाकाच्या शेंड्यावरून घाम टपकायला लागला तेव्हा मी म्हटलं, "पातेल्यात नका पाडू, मी मीठ घातलंय." हसले. घामोळं पुन्हा उठणार, हे दोघांनाही माहीत होतं. मी काही कायमचं मागितलं नव्हतं. पहिली टोपली झाली तशी सालं नेऊन लादीवर पसरली. सगळी खोली लाल झाली. ते माझंच खळं होतं, त्याचा कोपरान् कोपरा मला ठाऊक होता. गडग्यावरून हसीनाने मान वर करून पाहिलं आणि काही न बोलता खाली घातली, हेही पहिल्यांदाच घडलं असेल.

दुसरी टोपली अर्धी झाली असेल. काचेपलीकडे वेताच्या खुर्चीवर यांचा फोन राहिला होता. तो पेटला. दार उघडं असूनही एवढ्या अंतरावर आवाज नव्हता, फोन कायम मुका करून ठेवायची यांची छावणीतली सवय. नुसता उजेड, आणि खुर्चीच्या वेतावर थोडी थरथर. नाव वाचता येत नव्हतं. पण या वेळेला दुसरं कोण?

"फोन येतोय," मी म्हटलं.

"दिसतोय."

यांचे हात मनगटापर्यंत लाल झाले होते. फोन विझला. पुन्हा पेटला. माझी सुरी हातात तशीच राहिली. बावीस वर्षं फोन वाजला की मी हातातलं टाकून धावत सुटायची, परसातून, न्हाणीतून, एकदा तर तापलेला तवा तसाच ठेवून. तो थांबावा म्हणून देवाचं नाव घेत मी आयुष्यात पहिल्यांदाच बसले होते. विझला. तिसऱ्यांदा पेटला, आणि विझला.

हे उठले नाहीत. रात्री कळवतील की उद्या, हो म्हणतील की नाही, ते मला ठाऊक नव्हतं आणि मी विचारलंही नाही. यांनी टोपलीतला पुढचा रातांबा उचलला. "पातेलं भरलं. बिया कशात टाकायच्या?"

मी दुसरं पातेलं त्यांच्यापुढे सरकवलं. उकाडा वाढत चालला होता. यांचा श्वास जरा जोराने चालला होता, आणि तो मला ऐकू येत होता.